दुसऱ्याने केलेला अन्याय आणि आपण केलेला

आठवी ते दहावीच्या मुलांना जातिभेद, अस्पृश्यता, मुलींवरचा अन्याय हे विषय वर्गात कितपत आणि कसे शिकवावेत, हा वाद आमच्या सोलापुरात अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी अडून बसतो. पालकसभेत कुणीतरी उठून म्हणते, "पोरांच्या मनात काही नसतंय, तुम्हीच कशाला जात शिकवता?" त्यावर दुसरे कुणी म्हणते, "समतेचा विचार लहानपणीच ठसवला पाहिजे, त्यात चर्चा कसली करायची?" दोघे एकमेकांवर चिडलेले असतात, पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत असते आणि ते त्यांच्या ध्यानात येत नाही. दोघांच्याही लेखी चौदा-पंधरा वर्षांचे मूल म्हणजे कोरी पाटी. एकाला ती कोरीच ठेवायची आहे, दुसऱ्याला तिच्यावर आपल्या अक्षरात लिहायचे आहे. त्या मुलाने स्वतः पुरावा पाहावा, दोन बाजू ऐकाव्यात आणि मग "हा अन्याय आहे, आणि का आहे ते मी सांगतो" असे म्हणावे, ही शक्यता या वादात कुणी धरतच नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की अन्यायाचा निवाडा करायला शाळेने शिकवलेच पाहिजे. निवाडा मुलांच्या हातात आयता ठेवू नये, आणि प्रश्न टाळूनही पुढे जाऊ नये.

हे काम आपण करतच आलो आहोत, फक्त अर्धे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. दरवर्षी त्या दिवशी सोलापूरची शाळकरी मुले या चार हुतात्म्यांना हार घालतात. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लादला, गांधी टोपी घातली म्हणूनही माणसांना शिक्षा झाली, हे आपण मुलांना सांगतो. मग विचारतो, हे न्यायाचे होते का? सातवीतले पोरही ठणकावून "नाही" म्हणते. त्या वेळी एकही पालक शाळेत येऊन म्हणत नाही की मूल अजून लहान आहे, त्याच्या मनात द्वेष भरू नका. जालियनवाला बागेबद्दल कुणी असे म्हणत नाही, मिठावरच्या कराबद्दल म्हणत नाही. म्हणजे किशोरवयीन मुलाला न्याय-अन्यायाचा निवाडा करता येतो आणि त्याने तो करावा, हे आपण सगळ्यांनी केव्हाच मान्य केले आहे. मग वयाची अडचण नेमकी कधी उभी राहते? अन्याय करणारे परके नसून आपलेच आजोबा-पणजोबा असतात तेव्हा. पण ज्याला फक्त दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय ओळखता येतो, त्याला निवाडा करता येतो असे म्हणायचे कसे? दुखणारा पाय स्वतःचा असला की ते कुणालाही कळते, त्यासाठी शाळेची गरज नाही.

या शहरापुरते एकच उदाहरण घ्या. सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटले की रिक्षावाल्याला पत्ता कळतो. पण ते नाव कुठून आले, हे त्या भागाच्या बाहेरच्या किती मुलांना माहीत आहे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली गेली. कैकाडी, पारधी, टकारी, मांगगारुडी, कंजारभाट अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये, ठेवण्यात आले. रोज ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, आणि इथल्या गिरण्यांना त्यांचेच हात कामाला मिळायचे. कायदा इंग्रजांचा होता हे खरे. पण कुंपणाबाहेरून बघणारे आपण होतो. देशातून हा कायदा पुरता गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे होऊन गेल्यावर. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण तो बहुतेक त्यांचा त्यांनीच. मार्शल लॉ काही आठवड्यांचा होता आणि त्याचा निवाडा आपण दरवर्षी मुलांकडून करून घेतो. कुंपण कैक वर्षांचे होते आणि त्याबद्दल आपण मुलांना एकही प्रश्न विचारत नाही.

आणि ही निव्वळ जुनी गोष्ट नव्हे. वर्गात कुणाचे सहलीचे पैसे हरवले की पहिले दप्तर कुणाचे तपासले जाते, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणी तोंडाने काही बोलत नाही. चाळीस मुलांचे डोळे एका बाकाकडे वळतात, बस. १८७१ चा कायदा नेमका हेच म्हणत होता: पुराव्याआधी जन्म बघा. ती चाळीस मुले दुष्ट नसतात. आपण काय करतो आहोत हे ओळखण्याची संधीच त्यांना कुणी दिलेली नसते.

आता "पोरांच्या मनात काही नसतंय" या म्हणण्याकडे येतो. त्याला उत्तर शाळेचे रोजचे कामकाजच देते. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भर वर्गात पुकारा होतो, "एससीची मुलं हात वर करा, एनटीची उभी राहा." दाखल्यावर जात, पडताळणीच्या कागदावर जात. नवा मुलगा वर्गात आला की आधी आडनाव विचारतात, त्यावरून काही बोध झाला नाही तर राहतो कुठे ते विचारतात. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरच्या मुलीने मराठी बोलताना लिंग चुकवले की हसू पिकते, कानडी हेल काढणाऱ्या अक्कलकोटकडच्या पोराची नक्कल होते. उर्दू माध्यमाच्या शाळेतले मूल तर या मुलांना अकरावीपर्यंत भेटतच नाही. चार भाषांच्या या शहरात चार माध्यमांच्या शाळा चालतात आणि एकमेकांबद्दलचे ऐकीव ज्ञान मात्र घरोघर दिले जाते. तेव्हा भेदभावाचे शिक्षण शाळेत सुरू होईल ही भीती निराधार आहे. ते आधीच पार पडलेले असते. शाळा गप्प बसली तर एवढेच होते की मुलांनी इतरत्र शिकलेले कुणी तपासून पाहत नाही.

तरीही या आक्षेपाचा एक गाभा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. वर्गात जातीवर चर्चा सुरू झाली की ज्या मुलांच्या समाजावर अन्याय झाला, ती सगळ्यांच्या नजरेखाली येतात. "तुझ्या घरच्यांना असा अनुभव आलाय का रे? सांग ना सगळ्यांना." शिक्षकाचा हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, तो एक नमुना होतो. घरचा अपमान सांगायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे, आणि चाळीस जणांसमोर उभे करून तो हक्क आपण काढून घेतो. पलीकडच्या बाकावरच्या मुलाला वाटते की आपल्यावर खटला भरला आहे. तो लाजेने गप्प होतो किंवा रागाने घट्ट होतो. असा तास घेण्यापेक्षा न घेतलेला बरा, हे मी म्हणेन. मात्र यातून निघणारा निष्कर्ष "विषयच नको" हा नाही. कुणाच्याही घरात न शिरता विषयात शिरायचे कसे, ही शिकवण्याच्या कौशल्याची बाब आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे सामग्री भरपूर आहे.

या शहरात मागाचा आवाज न ऐकलेले मूल विरळा, म्हणून गिरणीतलेच उदाहरण घेतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. कारण काय दिले जाई? मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी बसवून धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेल्या धाग्याला हात कसा लावायचा, असे सवर्ण कामगार म्हणत. ही एवढी माहिती नववीच्या वर्गापुढे ठेवून गप्प बसावे. पहिले उत्तर हमखास येते, "बरोबरच आहे ना सर, उष्टं होतं." हे उत्तर दडपू नये, ते फळ्यावर लिहावे. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, "मग बाकीच्या विणकरांचं तोंड लागलेला धागा चालत होता का?" चालत होता. म्हणजे हरकत थुंकीला नव्हती. मग कशाला होती? साचेखात्यातली मजुरी सूतखात्यापेक्षा बरी असे, हे सांगितले की आणखी एक जण उठतो, "म्हणजे चांगलं काम आपल्यातच ठेवायचं होतं." दुसरी एक मुलगी त्याला अडवते, "पण त्यांना खरंच विटाळ वाटत असेल, ते खोटं बोलत नसतील." दोघांचेही म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. प्रामाणिकपणे वाटणारी गोष्ट अन्यायाची असू शकते का? आयुष्यभर पुरेल असा हा प्रश्न आहे आणि तो पंधरा वर्षांच्या मुलांनी स्वतः उभा केलेला असतो.

मग सांगावे की १९२८ च्या मुंबईच्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा आग्रह धरला होता, आणि मालकांविरुद्ध न्याय मागणाऱ्या संपाच्या पुढाऱ्यांनाही ती मागणी सहजी गळी उतरली नव्हती. ज्यांच्यावर अन्याय होतो, तेही दुसऱ्यावर अन्याय करतात. गिरणी कामगारांच्या या शहराला ही गोष्ट ऐकायला अवघड जाते, आणि म्हणूनच ती इथे शिकवावी. या सबंध तासात कुणालाही जात विचारावी लागली नाही, कुणाच्या घरचे काही बाहेर आले नाही. पण सहलीचे पैसे पुन्हा हरवतील तेव्हा एखाद्याच्या मनात येऊ शकते की मी आत्ता नक्की कशावरून त्या बाकाकडे बघतो आहे?

दुसरा आक्षेप मला याहून जड वाटतो. कोवळ्या वयातल्या मुलांना अन्यायाविरुद्ध पेटवणे सोपे असते, आणि पेटवणाऱ्याच्या हातात गुणही असतात. १९६६ साली चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली शाळकरी मुलांना हेच सांगितले गेले होते की जुन्या समाजाचा अन्याय ओळखा आणि अन्याय करणाऱ्यांना शिक्षा करा. ५ ऑगस्ट १९६६ रोजी बीजिंगमधल्या मुलींच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका बिआन झोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार केले. त्या मुली आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्याच वयाच्या. त्यांना न्यायाची चाड नव्हती असे म्हणता येणार नाही. आपण न्यायच करतो आहोत अशी त्यांची खात्री होती. समतेचा विचार मनावर ठसवा, चर्चा नको, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. आज ठसवणारा हात चांगला आहे, उद्याचा कसा असेल याची हमी कोण देणार? ज्या मुलाला कारणे मागायची सवय नाही, ते समतेचे वाक्य जितक्या सहज पाठ करते तितक्याच सहज द्वेषाचेही करते. शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा म्हणून झाल्यावर मोबाइलवर आलेला विखारी मजकूर पुढे पाठवणारी मुले मी पाहिली आहेत. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच बिनविचाराने केल्या होत्या.

पण नीट पाहिले तर चीनचे उदाहरण निवाडा शिकवण्याविरुद्ध जात नाही, तो लादण्याविरुद्ध जाते. त्या मुलींना पुरावा तपासायला कुणी सांगितले नव्हते, आरोपीची बाजू ऐकायला सांगितले नव्हते, आणि शंका घेणारी मुलगीच गुन्हेगार ठरत होती. निवाड्याची एकूण एक पायरी गाळून फक्त शिक्षा त्यांच्या हातात दिली गेली. यावर उपाय काय, याचा विचार जर्मनीला करावा लागला. नाझी काळात शाळेचा वापर कसा झाला, हे त्या देशाने भोगले होते. पुढे पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षण कसे असावे यावर डाव्या-उजव्यांची जोरदार भांडणे झाली. १९७६ साली बॉइटेल्सबाख या गावी अभ्यासक जमले आणि त्यातून तीन तत्त्वे पुढे आली. शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या मताखाली दाबू नये. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखून त्यावर काही करता यावे, एवढे बळ त्याला द्यावे. आज जवळपास अर्धे शतक तिथले शिक्षक ही तत्त्वे प्रमाण मानतात. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात त्यांची चर्चा झाली तर पालकांची निम्मी भीती जाईल असे मला वाटते.

इथे एक खोच आहे, ती सांभाळावी लागते. दोन्ही बाजू मांडा म्हणजे कशाच्या? अस्पृश्यता पाळावी की पाळू नये, यावर दोन गट पाडून वादविवाद स्पर्धा घ्यायची का? मुळीच नाही. संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी तो प्रश्न मिटवला, तेच आजचे सतरावे कलम. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या माणूसपणावर मतदान घेणे याला तटस्थता म्हणत नाहीत. असा मिटलेला प्रश्न शिकवताना तो का मिटला, कोणत्या युक्तिवादांनी मिटला, एवढेच तपासायचे असते. याउलट आरक्षण कुणाला, किती आणि कोणत्या निकषावर, हे प्रश्न खुले आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३ वी घटनादुरुस्ती २०१९ साली झाली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, पण तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. देशातल्या पाच ज्येष्ठ न्यायमूर्तींचे ज्यावर एकमत झाले नाही, त्यावर नववीच्या शिक्षकाने आपले उत्तर अंतिम म्हणून का सांगावे? दोन्ही बाजूंची कारणे मुलांपुढे ठेवावीत आणि त्यांना भांडू द्यावे. कोणता प्रश्न मिटलेला आणि कोणता खुला, हे ओळखता येणे हाच या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. मोठ्यांच्या वादात नेमकी याचीच गल्लत होते: खुला प्रश्न कुणी विचारला की त्याला जातीयवादी म्हणतात, आणि मिटलेला प्रश्न उकरून काढणाऱ्याला निर्भीड.

यावर कुणी म्हणेल की न्याय-अन्याय हे शेवटी बघण्यावर असते. तुम्ही ज्याला भेदभाव म्हणता ती आमची परंपरा आहे. आमच्या जिल्ह्यात तरी हे म्हणणे टिकत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी ते सुटले. विरोध करणारे परंपरेचे नाव घेत होते. पण गुरुजी कोणत्या आधारावर बोलत होते? त्याच परंपरेतल्या संतांच्या. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीपाशी आहे. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त दाराबाहेर का, हा प्रश्न त्या दगडानेच शतकानुशतके विचारला आहे. ज्या सिद्धरामेश्वरांची यात्रा आपण संक्रांतीला भरवतो, ते बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे बसवेश्वरांच्या विचाराच्या संतांपैकी, आणि शरणांनी जन्मावरून माणूस मोजायला तेव्हाच नकार दिला होता. परंपरा एकमुखी कधीच नव्हती. तिच्या आतच वादी होते आणि प्रतिवादी होते. कुणाचे म्हणणे अधिक न्यायाचे होते हे ठरवायला मुलांना शिकवणे म्हणजे परंपरा तोडणे कसे होईल?

राहता राहिले वय. १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एक निबंध छापून आला. लिहिणारी होती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची. वेद फक्त आमचे असे ब्राह्मण म्हणतात, मग आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही हे उघड झाले; तर देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असा तिचा सवाल होता. पावसात, थंडीत, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांबद्दल तिने लिहिले. प्रतिपक्षाचेच विधान घ्यायचे आणि ते त्याच्यावरच उलटवायचे, ही बुद्धी चौदाव्या वर्षी होती. बरोबर शंभर वर्षांनी, २ मार्च १९५५ रोजी, अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. रोझा पार्क्स यांच्या प्रसिद्ध नकाराआधी नऊ महिने. त्याच सुमारास तिच्या शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला जात होता. आणि इथे, सोलापुरात, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह काढले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे मासिक सुरू केले. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तशी त्या पोरांनी लेखणी हातात घेतली. या मुलांना कुणी विचारले होते का, तुमचे वय झाले आहे का म्हणून?

मला खरी कठीण वाटते ती वेगळीच गोष्ट: ज्यात खलनायक सापडत नाही तो अन्याय. पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे. पाने खराब निघाली, विड्या नापास झाल्या, तरी नुकसान वळणारीचे. घरात मुलगा आणि मुलगी दोघेही दहावीत असतील, तर शिकवणीला कोण जातो आणि आईच्या शेजारी बसून हजार पुरे करायला कोण बसते? हा भेदभाव आहे, यात शंका नाही. पण दोषी कोण? मुलीला बसवणाऱ्या आईचे बालपण असेच गेले आहे. बाप यंत्रमागावर बारा तास उभा असतो किंवा घरी बसून असतो. या प्रश्नावर वर्गात पहिला निकाल आईच्या विरुद्ध लागतो आणि काही मुलींचे डोळे भरून येतात, कारण त्या स्वतःच्या आईबद्दल ऐकत असतात. इथे शिक्षकाने पुढचे प्रश्न आणायला हवेत. आईपुढे दुसरा कोणता मार्ग होता? मजुरीचा दर कोण ठरवतो? शिकवणीला जाणाऱ्या भावाने काही चूक केली नाही, पण त्याला फायदा तर होतो ना? मग त्याने काय करायचे? एका मुलाने मला विचारले होते, "सर, मी काही केलंच नाही, तर मी का बदलू?" प्रामाणिक प्रश्न होता. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला त्याच्याच घरातले कळले, तर सेटलमेंटचे कुंपण न घालणाऱ्या आजच्या पिढीचा प्रश्न त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शिक्षकांची तयारी नाही, हाही आक्षेप आहे आणि तो खरा आहे. शिक्षक याच समाजातून येतात, त्यांच्या मनातही पूर्वग्रह असतात. दप्तर तपासायला सांगणारा अनेकदा शिक्षकच असतो. मूल्यशिक्षणात स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता अशी दहा मूल्ये नेमून दिलेली आहेत. पुष्कळ शाळांत ती भिंतीवर रंगवलेली असतात आणि परिपाठात सामुदायिक सुरात म्हटली जातात. वेगळा विषय, वेगळे पुस्तक, वेगळा तास काढला तर त्याचेही तसेच होईल, म्हणून मी ते मागत नाही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा चाळीस गुणांचा पेपर आहेच. त्यातल्या प्रत्येक प्रकरणात कुणीतरी कुणावर केलेला अन्याय आहे आणि त्याला दिलेली कारणे आहेत. ती कारणे तपासायची, एवढेच काम. पूर्वग्रह असलेल्या शिक्षकालाही ही पद्धत बांधून ठेवते, कारण मुले एकदा कारण विचारायला लागली की सरांनाही विचारतात.

कसोटी लागेल ती पेपर तपासताना. आरक्षणाच्या निकषावर एका मुलीने माझ्या मताच्या नेमके विरुद्ध लिहिले, पण आकडे दिले, दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःहून मांडला आणि त्याला उत्तर दिले. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले पाहिजेत. शेजारच्या मुलाने माझेच मत माझ्याच शब्दांत उतरवले आणि एकही कारण दिले नाही, त्याला शून्य. शाळांनी ही गुणदानाची पद्धत वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत, दोन्ही उत्तरपत्रिकांच्या नमुन्यांसह, सर्वांपुढे ठेवावी आणि आक्षेप असतील ते तिथेच ऐकून घ्यावेत.